त्या पक्ष्याच्या पायातलं कडं कापायला जाऊ नका

गेल्या आठवड्यात एकच मजकूर चार ग्रुपांवर दिसला आणि चारही वेळा मी तो न वाचल्यासारखं केलं. पाचव्यांदा तो मावशीकडून आला, खाली प्रश्न होता: "तू पक्ष्यांचं बघतोस ना, हे खरं का रे?" मावशीच्या सोसायटीमागे खाडी आहे. थंडीत ओहोटीच्या चिखलावर तिथे उत्तरेकडचे पक्षी उतरतात. मजकुराच्या शेवटी जे आवाहन आहे ते वाचून सोसायटीतल्या दोन पोरांनी पक्कड शोधून ठेवली आहे म्हणे. तेव्हा आता गप्प बसण्यात अर्थ नाही.

मजकूर लांबलचक आहे, रडक्या इमोजींनी भरलेला. त्यातलं पाणी काढून टाकलं तर उरतं ते एवढं. शास्त्रज्ञ सैबेरिया-अलास्काच्या पक्ष्यांच्या पायांत कडी ठोकतात, पाठीवर चिपा बांधतात आणि पक्षी त्यानेच मरतात. मोबाइलच्या 5जी लहरींनी पक्ष्यांची दिशा चुकते, आणि अलास्काच्या एका पक्ष्यावर '5जी चिप' बसवली होती हे तर गिनेसवाल्यांनीच छापलं आहे. कुठलाही पक्षी अकरा दिवस न थांबता उडू शकत नाही, ती निधी उकळण्यासाठी रचलेली कथा आहे. उत्तर ध्रुवाकडे ऊब वाढतेय ती पक्ष्यांच्या भल्याचीच. मध्येच कडीवाल्या 'गुप्तहेर कबुतरा'चा एक टोला. आणि म्हणून, असा पक्षी दिसला की पकडा, कडं कापा, चिप उपटा, 'मुक्त' करा.

शेवटापासून सुरुवात करतो, कारण पक्कड तिथे आहे.

"पकडा आणि कडं कापा"

छोटा टिलवा हा आपल्या किनाऱ्यावरचा अगदी नेहमीचा पाहुणा. वजन वीस-पंचवीस ग्रॅम, पायाची नळी जेमतेम 2 मिलिमीटर जाड. कडं त्या नळीवर सैल असतं, पण सैल म्हणजे वर-खाली सरकेल आणि गोल फिरेल एवढंच. घरातल्या कटरचा खालचा जबडा कडं आणि पाय यांच्यामध्ये जाण्याइतकी फट तिथे नसते. मग माणूस काय करतो? बाहेरून चिमटा लावून दाबतो. गोल कडं चपटं होतं आणि आतली नळी मोडते. चिखलात पाय रोवून अन्न शोधणाऱ्या पक्ष्याचा पाय मोडला की त्याचा हंगाम तिथेच संपला. चुकीचं बसलेलं कडं काढायची वेळ रिंगिंग करणाऱ्यांवर, म्हणजे अभ्यासासाठी कडी घालणाऱ्यांवरही येते. ते कापत नाहीत. बारीक तारेचे दोन फास कड्यातून ओवून विरुद्ध दिशांना सावकाश ओढतात किंवा आतून बाहेर उघडणारी खास पक्कड वापरतात, आणि दुसरा माणूस पाय धरून ठेवतो.

पण बऱ्याच पक्ष्यांच्या बाबतीत गोष्ट कड्यापर्यंत पोचतच नाही. पकडतानाच निकाल लागतो. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांमधला पडदा, नसतं. छातीचं हाड खाली-वर होतं तेव्हा हवा आत-बाहेर होते. घाबरलेलं मूल पक्ष्याला मुठीत आवळून धरतं, छाती हलेनाशी होते, आणि मिनिटाभरात तो 'शांत' होतो. तो शांत झालेला नसतो. लांब पायांच्या चिखलपक्ष्यांचं आणखी एक दुखणं आहे. धरपकडीत ते जास्त वेळ धडपडले किंवा पाय दुमडून पिशवीत बसून राहिले की मांड्यांचे स्नायू आतून खराब होतात. सोडल्यावर पक्षी दोन पावलं टाकतो, बसतो, पुन्हा उठत नाही. म्हणूनच अभ्यासक या पक्ष्यांना पिशवीत ठेवत नाहीत, उभं राहता येईल अशा गोणपाटाने झाकलेल्या पेटीत ठेवतात, आणि उन्हात अजिबात नाही.

पाठीवरच्या टॅगची (मजकुरातली 'चिप', म्हणजे पक्षी कुठे आहे ते टिपणारं छोटं यंत्र) गत याहून वाईट. त्याचा पट्टा पिसांखाली असतो, दिसत नाही. कात्री घातली की पट्ट्याबरोबर कातडी येते.

शिवाय हा गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 प्रमाणे रानपक्षी पकडायला परवानगी लागते, अभ्यासकांनाही. 'चांगल्या हेतूने पकडला' ही सबब चालत नाही. पक्षी जखमी असेल तर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात ठेवा, तोंडात पाणी ओतू नका, आणि 1926 हा वनविभागाचा क्रमांक फिरवा. बस.

"कड्यांनी आणि चिपांनी पक्षी मरतात"

इथे मला दात-ओठ खात थोडं मान्य करावं लागणार आहे, पण आधी कडं म्हणजे काय ते बघा.

1890 च्या सुमारास डेन्मार्कमधल्या व्हिबोर्गचे शिक्षक हान्स मॉर्टेन्सेन यांनी पक्ष्यांच्या पायात जस्ताची कडी घालून पाहिली. ती जड झाली, म्हणून त्यांनी नाद सोडला आणि 1899 मध्ये ॲल्युमिनियमची कडी घेऊन परत आले. पहिल्या खेपेला 165 मैनांना (तिकडच्या स्टार्लिंग) ती घातली. म्हणजे 'जड कडं पक्ष्याला त्रास देतं' हा शोध या फॉरवर्डच्या लेखकाच्या आधी सव्वाशे वर्षं लागलेला आहे, आणि तो कडी घालणाऱ्यानेच लावला. आज सात ग्रॅमच्या पर्णवटवट्याला जे कडं घालतात ते 0.04 ग्रॅमच्या आसपास असतं. साठ किलोच्या माणसाने खिशात मोबाइल आणि किल्ल्यांचा जुडगा ठेवावा, तितकाच तो भार.

काम कसं चालतं तेही सांगतो, कारण 'ठोकतात' हा शब्द फार झोंबला. काळ्या बारीक धाग्याचं, साधारण 12 मीटर लांब जाळं झाडोऱ्याच्या पार्श्वभूमीवर लावतात. त्याला आडव्या झोळ्या असतात. पक्षी धडकतो आणि झोळीत पडतो. दर वीस-तीस मिनिटांनी फेरी, ऊन चढलं की त्याहून लवकर, पाऊस किंवा जोराचा वारा आला की जाळं बंद. पक्षी ज्या बाजूने शिरला त्याच बाजूने काढायचा, आधी पाय सोडवायचे. मान तर्जनी आणि मधल्या बोटात, पाठ तळव्यावर, छाती मोकळी. पायाची जाडी मापकावर दोन्ही दिशांनी बघायची, कारण नळी गोल नसते, लंबगोल असते. मग त्या मापाचं कडं गोल भोकाच्या पकडीत धरून दोन दाबांत बंद करायचं. दोन्ही टोकं एकमेकांना नीट भिडली पाहिजेत. फट राहिली तर गवताची काडी किंवा पीस अडकतं, टोक टोकावर चढलं तर कातडी घासते. चिखलात वावरणाऱ्या पक्ष्यांना कडं बहुधा सांध्याच्या वर घालतात, खाली चिखल-मिठाने ते झिजतं. मग पंखाची लांबी, वजन, पिसांची अवस्था, आणि सोडून देणं. सरावलेल्या हाताला काही मिनिटं पुरतात. आपल्याकडे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कामात जाळी-फासे लावण्याचं हे कौशल्य बिहारच्या मीरशिकारांनी आणलं. पिढ्यान् पिढ्या पक्षी धरून विकणाऱ्यांचे हात पक्षी धरून सोडण्याच्या कामी आले.

आता आकडा. अमेरिका-कॅनडातल्या 22 रिंगिंग संस्थांच्या नोंदी एकत्र करून केलेला एक अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. जाळ्यात सापडलेल्या पक्ष्यांपैकी जखमी झालेले 0.59 टक्के, मेलेले 0.23 टक्के. हजारात सहा जखमी, दोन-तीन मृत. हे शून्य नाही, आणि मरणाऱ्या पक्ष्याला टक्केवारीशी देणंघेणं नसतं. पण 'पकडलेले बहुतेक मरतात' असं लिहिणाऱ्याने हा आकडा एकदा तरी शोधायला हवा होता. तो लपवलेलाही नाही, रिंगिंग करणाऱ्यांनी स्वतःच्या वह्यांतून काढून छापला आहे.

आता ते मान्य करणं. पेंग्विनच्या फ्लिपरला, म्हणजे त्याच्या पोहण्याच्या पंखाला, धातूची पट्टी लावायची पद्धत होती. फ्रेंच अभ्यासकांनी दहा वर्षं पट्टीवाले आणि बिनपट्टीचे किंग पेंग्विन शेजारी शेजारी ठेवून पाहिले. 2011 मध्ये 'नेचर'मध्ये निकाल आला: पट्टीवाल्यांना 39 टक्के कमी पिल्लं झाली आणि जगण्याचं प्रमाण 16 टक्क्यांनी घटलं. पाण्यात प्रत्येक फटक्याला ती पट्टी ओढ निर्माण करत होती. हे भयंकर आहे, आणि याची दखल घेऊन त्या पद्धतीवरून मोठा वाद झाला. फॉरवर्डमध्ये या अभ्यासाचं अर्धं वाक्य वापरलं आहे, पण 'पेंग्विन' आणि 'फ्लिपर' हे दोन शब्द गाळून. दक्षिण गोलार्धातल्या पेंग्विनच्या पंखावरची पट्टी आणि टिलव्याच्या पायातलं कडं या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

टॅगचंही तसंच, किंवा थोडं जास्त. पाठीवरच्या यंत्रांनी पक्ष्यांच्या जगण्यावर आणि विणीवर परिणाम होतो हे अनेक अभ्यास एकत्र तपासून दिसलेलं आहे. शंभर ग्रॅमच्या आतल्या पक्ष्यांवर वापरलेल्या प्रकाश-नोंदक यंत्रांबद्दल (ती उजेडाच्या वेळा टिपतात, त्यावरून जागा काढतात) 2020 मध्ये 74 प्रसिद्ध आणि 48 अप्रसिद्ध अभ्यास एकत्र तपासले गेले. निष्कर्ष: परिणाम आहे, वाईट आहे, पण सौम्य आहे. अप्रसिद्ध अभ्यास मुद्दाम मागवले होते. कुणी आपली अपयशी वही दडपली असेल तर तीही मोजली जावी म्हणून.

बिघडतं कुठे, तर बहुतेक वेळा पट्ट्यात. समजा, पाणटिवळ्याला (इंग्रजीत गॉडविट, लांब चोचीचा चिखलपक्षी) स्थलांतराच्या दोन महिने आधी, तो सडपातळ असताना टॅग बांधला. उडायच्या आधी तो चरबी साठवून वजन जवळजवळ दुप्पट करतो. तेव्हा अंगासरशी बांधलेला पट्टा मांडीत रुततो. सैल ठेवावा तर पिसं साफ करताना चोच अडकते. म्हणून मांड्यांभोवती दोन फास घालून टॅग कंबरेवर बसवतात, पंखांच्या मुळाशी नाही. काही जण एक टाका सुती दोऱ्याचा ठेवतात, तो कालांतराने कुजतो आणि यंत्र गळून पडतं. टॅगखाली स्पंजचा पातळ थर देतात, नाहीतर पाठीची पिसं सौर पट्टीवर येतात आणि बॅटरी मरते. वजन पक्ष्याच्या 3 ते 5 टक्क्यांच्या आत ठेवायचं हा प्रघात आहे, पण तो प्रघातच. उडणाऱ्या पक्ष्याला वजनापेक्षा वाऱ्याची ओढ जास्त नडते, त्यामुळे हलकं पण उंच यंत्र जड पण चपट्या यंत्रापेक्षा वाईट ठरू शकतं.

आणि 'टॅग बंद पडला म्हणजे पक्षी मेला' हे समीकरण तर हास्यास्पद आहे. अँटेना तुटली, पिसांनी सौर पट्टी झाकली, दोरा कुजून यंत्र गळलं, बॅटरी संपली, या सगळ्यांनी नकाशावरचा ठिपका थांबतो. पक्षी मेल्यानेही थांबतो, अर्थात.

एवढं सगळं करून मिळतं काय? 2012 च्या शरदात नागालँडमध्ये डोयांग जलाशयाकाठी अमूर ससाणे मासेमारीच्या जाळ्यांत लाखाच्या हिशेबाने मारले गेले. पुढच्याच वर्षी गावांनी शिकार थांबवली, आणि नोव्हेंबर 2013 मध्ये तीन ससाण्यांवर उपग्रह टॅग बसले. नावं ठेवली नागा, वोखा आणि पांगती. दीडशे ग्रॅमच्या पक्ष्यावर 5 ग्रॅमचं यंत्र. त्यामुळे नकाशावर उमटलं की नागालँडमधून उठलेला पक्षी दख्खन ओलांडतो, अरबी समुद्रावर झेपावतो आणि थेट सोमालियाच्या किनाऱ्याला लागतो. पुढे दक्षिण आफ्रिका, आणि परत रशिया-चीन सीमेवरच्या अमूर नदीच्या खोऱ्याकडे. लोणावळ्याच्या माळावर नोव्हेंबरात जे ससाणे चतुरांमागे धावताना दिसतात ते याच वाटेवरचे. पांगती गावाच्या लोकांना आपल्या गावाचं नाव असलेला पक्षी समुद्र ओलांडताना दिसला, त्याचा परिणाम शंभर भाषणांनी झाला नसता. दुसरं उदाहरण कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशात वीण करणाऱ्या सोशेबल लॅपविंग नावाच्या टिटवीचं. ती जगातून संपायला आली आहे असं वाटत होतं. 2007 मध्ये एका टॅगचा ठिपका तुर्कस्तानात थांबला, लोक तिथे जाऊन बघतात तर तीन हजारांहून मोठा थवा उतरलेला. ती जागा तोवर कुणालाच माहीत नव्हती.

"5जी"

या मुद्द्यावर हसावं की रडावं कळत नाही, म्हणून दोन्ही करून झाल्यावर लिहितोय.

ऑक्टोबर 2022 मध्ये पट्टेरी शेपटीचा एक पाणटिवळा अलास्कातून निघाला आणि अकरा दिवसांनी टास्मानियात उतरला. 13,560 किलोमीटर, मध्ये कुठे टेकला नाही. वय जेमतेम पाच महिने. टॅगचा क्रमांक 234684. त्या विक्रमाच्या इंग्रजी बातमीत लिहिलं होतं की त्याच्या कंबरेवर '5जी' उपग्रह टॅग होता. तो '5जी' म्हणजे पाच ग्रॅम! पाच ग्रॅम वजनाचा सौर टॅग. कुठेतरी ग्रॅमचा छोटा 'जी' मोठ्या लिपीत छापला गेला, आणि तेवढ्यावर एक अख्खं षड्यंत्र उभं राहिलं. मजा म्हणजे आपल्याकडे 5जी सेवा सुरू झाली तीही 1 ऑक्टोबर 2022 ला. योग जुळून आला, दुसरं काय.

पॅसिफिक महासागराच्या मध्यावर मोबाइलचा टॉवर नसतो, हे सांगायची वेळ यावी! हे टॅग मोबाइल जाळ्याशी बोलत नाहीत. ते 401.65 मेगाहर्ट्झवर क्षणभराचा संदेश वर सोडतात. ध्रुवांवरून फिरणारा उपग्रह जवळ येताना तो संदेश किंचित चढ्या सुरात ऐकतो, दूर जाताना उतरत्या सुरात. आगगाडीची शिट्टी जवळून जाताना बदलते तसंच. त्या फरकावरून जागा काढतात. छोट्या सौर टॅगना तेही सतत झेपत नाही, साधारण दहा तास चालू आणि मग अठ्ठेचाळीस तास चार्जिंगसाठी गप्प, अशी पाळी लावलेली असते.

आता यातली अर्धी खरी गोष्ट, कारण ती खरोखर रंजक आहे आणि फॉरवर्डवाल्याला माहीतच नाही. पक्ष्यांना पृथ्वीच्या चुंबकत्वावरून दिशा कळते, आणि काही लहरींनी त्यांचं हे होकायंत्र बिघडतं. जर्मनीतल्या ओल्डेनबुर्ग विद्यापीठात युरोपियन रॉबिन लाकडी खोल्यांत ठेवून रात्री त्यांची दिशा तपासायचे. नरसाळ्यासारख्या पिंजऱ्यात पक्षी ज्या दिशेला जायचं त्या बाजूला उड्या मारतो आणि आतल्या कागदावर ओरखडे उठतात. पक्षी गोंधळलेले, ओरखडे चहूकडे. मग खोल्यांना ॲल्युमिनियमचे पत्रे लावून ते जमिनीशी जोडले, आणि पक्ष्यांना दिशा सापडली. जोडणी काढली, पुन्हा गोंधळ. कुठल्या खोलीची जोडणी चालू आहे हे प्रयोग करणाऱ्यालाही सांगितलेलं नसे. अनेक वर्षं हे तपासून 2014 मध्ये 'नेचर'मध्ये छापलं. कारण निघालं विजेच्या उपकरणांचा आणि रेडिओचा गोंगाट, 50 किलोहर्ट्झ ते 5 मेगाहर्ट्झ या पट्ट्यातला. शहराबाहेर तो त्रास नव्हता.

म्हणजे आकाशवाणीची मीडियम वेव्ह या पट्ट्यात येते. मोबाइल येत नाही. त्याच गटाने नंतर कृष्णमस्तक वटवट्यांवर वरची हद्द शोधली. 75 ते 85 मेगाहर्ट्झला दिशा बिघडते. 140 ते 150 ला नाही. 235 ते 245 ला नाही. हिशेबाने हद्द येते 116 मेगाहर्ट्झच्या आसपास, आणि हे 2023 पर्यंत छापून आलं आहे. भारतातल्या 5जीची सगळ्यात खालची पट्टी 700 मेगाहर्ट्झ, नेहमीची 3300. हद्दीच्या सहापट आणि जवळजवळ तीसपट वर. पक्ष्याचं ते होकायंत्र (ते डोळ्यात असावं असं मानतात) इतक्या वरच्या लहरींना दाद देत नाही. 5जीविरुद्ध मोर्चा काढायचा असेल तर खुशाल काढा, पण पक्ष्यांच्या नावाने काढायचा तर आधी घरातला जुना रेडिओ आणि स्वस्तातला चार्जर बंद करा. शिवाय मोकळ्या आकाशाखाली पक्ष्याकडे तारे असतात, मावळतीचा प्रकाश असतो. प्रयोगाच्या बंद खोलीत ते नव्हते.

मजकुरात मेलेल्या पक्ष्यांचा एक फोटोही आहे. तो बहुधा त्याच जुन्या अफवेचा. 2018 च्या शरदात नेदरलँड्समधल्या हेग शहरातल्या एका बागेत तीनशेहून अधिक मैना मेल्या होत्या. त्या शहरात 5जीची चाचणी झाली होती, पण जूनमध्ये, एका दिवसापुरती. पक्षी मेले ते त्यानंतर काही महिन्यांनी.

"अकरा दिवस उडणं अशक्य"

लवकर उरकतो. ऑक्टोबर 1987 मध्ये अलास्कातल्या कोल्ड बे इथे निघालेल्या पाणटिवळ्यांचा एक थवा रात्री रडारच्या घुमटावर आपटून मेला. मेलेले पक्षी उघडून पाहिले तर वजनाच्या 55 टक्क्यांपर्यंत चरबी, आणि पोट, यकृत, मूत्रपिंड, आतडी आक्रसलेली. उडताना जे अवयव लागत नाहीत ते निघण्याआधीच कमी करून ठेवलेले. इंधन भरलं, सामान उतरवलं, मागून येणाऱ्या वाऱ्याची वाट बघून निघाले. समुद्रावर बसायची सोय नाहीच, बोटांना पडदे नाहीत. 2007 मध्ये ई7 नावाच्या मादीने अलास्का ते न्यूझीलंड हे साडेअकरा हजार किलोमीटरहून जास्त अंतर आठ दिवसांत कापलं, तेही टॅगवर नोंदलं आहे. अशक्य वाटतं हे कबूल. माझंही गणित पहिल्यांदा जुळलं नव्हतं.

"ऊब वाढली, बरंच झालं"

हा दावा मजकुरात एका ओळीत उरकलाय, पण सगळ्यात घातक तोच आहे, कारण ऐकायला शहाणपणाचा वाटतो. थंडी कमी, म्हणजे पिल्लं सुखी. नाही.

रेड नॉट हा चिखलपक्षी सैबेरियातल्या तैमिर द्वीपकल्पावर वीण करतो आणि हिवाळ्यात पश्चिम आफ्रिकेतल्या मॉरिटानियाच्या किनाऱ्यावर जातो. तैमिरवर 33 वर्षांत बर्फ वितळण्याची तारीख दर वर्षी सरासरी अर्ध्या दिवसाने अलीकडे आली. बर्फ गेलं की किड्यांची लाट उठते आणि ओसरते. पिल्लं अंड्यातून बाहेर येतात तोवर लाट पुढे निघून गेलेली असते. पोट न भरलेली पिल्लं लहान राहतात, चोचही आखूड राहते. हे सैबेरियात कळत नाही. कळतं हजारो किलोमीटर दूर मॉरिटानियात, जिथे त्यांचं अन्न म्हणजे वाळूत खोल रुतलेले शिंपले. आखूड चोच तिथवर पोचत नाही. असे पक्षी जास्त मरतात. 2016 मध्ये 'सायन्स'मध्ये हे आलं. वाटेत पोलंडच्या किनाऱ्यावर पिल्लं वर्षानुवर्षं पकडून, चोच पट्टीवर मोजून, कडं घालून सोडली म्हणून ही साखळी जुळली. चोच पकडल्याशिवाय मोजता येत नाही.

अपवाद आहेत. गुलाबी पायांचे काही हंस अलीकडे नोवाया झेमल्या बेटावर नवी वीण-वसाहत करून बसले आहेत, तिथे आता बर्फ लवकर जातं. तीन-चार हजार पक्षी, म्हणजे त्यांचं साधलं. आणि हेही कळलं ते टॅगमुळेच.

राहता राहिला मजकुरातला तो 'गुप्तहेर कबुतर'वाला टोला. ते प्रकरण खरं आहे, पण उलट बाजूने. मे 2023 मध्ये चेंबूरजवळ पायात कडी असलेलं एक कबुतर हेरगिरीच्या संशयावरून धरलं गेलं. आठ महिने परळच्या प्राण्यांच्या दवाखान्यात अडकून पडलं. शेवटी निघालं तैवानचं शर्यतीचं कबुतर. जानेवारी 2024 मध्ये ते सोडलं. कडं पाहून घाबरण्याचा भुर्दंड पक्ष्यालाच पडतो तो असा.

आणि मावशी, तुझ्या खाडीवरचे रोहित (फ्लेमिंगो) सैबेरियातून येत नाहीत, कच्छकडून येतात. भिगवणचे पट्टकदंब हंस लडाख, तिबेट, मंगोलियाकडचे. सगळ्यांना सरसकट 'सैबेरियन' म्हणायची आपली सवय आहे, त्यासाठी फॉरवर्डला दोष देत नाही.

त्या दोन पोरांना पक्कड ठेवून दुर्बीण द्यायला सांग. भरतीच्या दोन तास आधी जावं, पाणी चढतं तसा चिखल आक्रसतो आणि पक्षी आपोआप काठाकडे सरकतात. सूर्य पाठीशी हवा. पळू नये, बसावं. पक्ष्याच्या पायावर अक्षरं असलेला प्लॅस्टिकचा छोटा रंगीत झेंडा दिसला तर आधी रंग टिपावा, मग कोणता पाय (पक्ष्याचा डावा-उजवा, आपला नव्हे), मग सांध्याच्या वर की खाली, आणि सगळ्यात शेवटी अक्षरं. लांबून 8 आणि B, E आणि F यांची गल्लत होते, म्हणून दोघांनी न बोलता वेगवेगळं लिहावं आणि मग ताडून बघावं. धातूचं कडं लांबून एका बाजूने पूर्ण वाचता येत नाही, त्याचे तीन-चार कोनांतून फोटो लागतात. मेलेला पक्षी सापडला तर कडं चपटं न करता आकडा जसाच्या तसा उतरवावा, तारीख आणि जागा लिहावी. आपल्याकडच्या कड्यांवर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा असं इंग्रजीत कोरलेलं असतं. परदेशी कडं असलं तरी तिथेच कळवलं तर चालतं, ते पुढे पोचवतात. उत्तर यायला वेळ लागतो, पण येतं: पक्षी कुठे, कोणत्या तारखेला, किती वयाचा असताना पकडला होता, ते सगळं त्यात असतं.